मोतीचा फाटका कान आणि आयर्लंडचे रंग

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या घरी डब्लिनहून पुठ्ठ्याची एक लांब नळी टपालाने आली. आत गुंडाळलेले चित्र होते. माझी भाची, म्हणजे थोरल्या ताईची मुलगी, सात वर्षांपासून आयर्लंडमध्ये राहते. आजीच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसासाठी तिने ते मुद्दाम करवून घेतले होते. आमच्या जुन्या अल्बममधला मोती कुत्र्याचा फोटो तिने मागच्या खेपेस फोनमध्ये टिपून नेला होता, आणि त्यावरून कोणा व्यावसायिकाने संगणकावर हे रंगीत चित्र बनवले होते. नारिंगी कपाळ, जांभळी सावली, मागे निळ्याहिरव्या रंगांची नुसती उधळण. भिंतीवर लावले तर येणारा-जाणारा थांबून पाहील असे.

आईने चष्मा पुसला, चित्र खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, "छान आहे ग. पण हा कुत्रा कोणाचा?"

आम्ही सगळे हसलो. मग मी अल्बम काढला, मूळ फोटो चित्राशेजारी धरला, आणि माझे हसू मावळले. मोतीच्या डाव्या कानाचे टोक फाटलेले होते. ऊसमळ्यात काटेरी तारेत अडकून त्याने ते गमावले होते, आणि लहानपणी आम्ही भावंडे त्या कानाला बोट लावून त्याला चिडवत असू. चित्रात मात्र दोन्ही कान शाबूत, शाळेतल्या पुस्तकातल्यासारखे. फोटोत मोतीच्या मानेवर एक हात आहे. तो माझ्या वडिलांचा. बाबा कॅमेऱ्यापुढे यायला कधी राजी नसत. त्या फोटोतही ते चौकटीबाहेर उभे आहेत. आत आला आहे तेवढा हात, मनगटावरच्या घड्याळासह. बाबा २००३ साली गेले. त्यांचे फोटो आमच्याकडे मोजून पाच आहेत आणि आई या हाताच्या फोटोला सहावा म्हणते. चित्रात तो हात नव्हता. त्याच्या जागी सुरेख, मऊ, चमकदार केस भरले होते.

यात लबाडी कोणाची नव्हती. चित्र करणाऱ्याने फोटो 'स्वच्छ' केला होता, आणि गिऱ्हाइकांना तसेच आवडते म्हणतात. पण भाचीच्या मनाला ते फार लागले. "मावशी, आजीला आवडलं नाही ना? खरं सांग," असे तिने फोनवर तीनदा विचारले. माझे जुलैच्या सुट्टीतले डब्लिनचे तिकीट आधीच काढलेले होते. ती म्हणाली, "मूळ फोटो बरोबर घेऊन ये. मी स्वतः करते."

अशा रीतीने, वाचकहो, आयर्लंड पाहायला गेलेल्या मास्तरीणबाईंनी सुट्टीतल्या कितीतरी संध्याकाळी भाचीच्या स्वयंपाकघरात, बाहेर पाऊस पडत असताना, एका कुत्र्याचे चित्र होताना पाहिले. तक्रार नाही. आयर्लंडमध्ये जुलैतही उजेड रात्री दहापर्यंत असतो आणि पाऊस तर त्याहूनही जास्त वेळ.

फोटोचे चित्र करण्याचे आज दोन मार्ग आहेत, ते आधी सांगते. एक यंत्राचा. २०१५ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की एखाद्या चित्रकाराच्या चित्रातली रंगरेषांची धाटणी संगणक दुसऱ्या कोणत्याही छायाचित्रावर चढवू शकतो. पुढच्याच वर्षी ही करामत फोनवर आली. बोटाने एक खूण दाबली की तुमचा कुत्रा व्हॅन गॉगच्या फटकाऱ्यांनी रंगलेला तयार. मौज वाटते खरी, पण फटकारे नाकावर तेच, गवतावर तेच, पाठीमागच्या बादलीवरही तेच. आता तर यंत्र याहून पुढे गेले आहे. फोटोत जे अस्पष्ट असेल ते मनाने भरते, आणि भरताना जगातल्या हजारो कुत्र्यांचे कान आठवून भरते. हजारो कुत्र्यांचे कान शाबूत असतात.

दुसरा मार्ग हाताचा. यात कागदाऐवजी काचेची पाटी आणि कुंचल्याऐवजी एक लेखणी असते, बाकी कष्ट तेच. भाची वापरते ती चित्रकलेची प्रणाली २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात तयार झाली. तेही बेटच, म्हणून मला उगीचच बरे वाटले. लेखणी दाबून चालवली की रेघ जाड, हलकी चालवली की बारीक, आडवी धरली की पसरट. सगळ्यात उपयोगाची सोय म्हणजे थर. वर्गात आपण नकाशावर पारदर्शक कागद ठेवून मुलांना नद्या गिरवायला सांगतो ना, तसेच. तळाशी फोटो, त्यावर एका थरात रेखाटन, त्यावर मूळ रंग, मग सावल्या, मग केस, सगळ्यात वर डोळ्यांतली चमक. एक थर बिघडला तर तेवढाच पुसायचा, खालचे काही हलत नाही.

पण मूळ रंग कोणता घालायचा? इथेच आमची गाडी अडली. फोटो १९८८ सालचा, रंगीत, गावातल्या स्टुडिओत धुतलेला. त्या काळच्या रंगीत फोटोंत तीन रंगद्रव्यांचे थर असत, आणि त्यांतला निळसर थर बहुधा आधी विटे, फोटो अंधारात अल्बममध्ये बंद असला तरी. निळसर गेला की उरतो तांबडा. तुमच्या घरातले जुने लग्नाचे फोटो काढून पाहा, सगळे वऱ्हाड गुलाबी झालेले दिसेल. आमचा मोतीही त्या फोटोत तांबूस दिसतो. भाचीने त्याला कधी पाहिलेले नाही. तिचा जन्म त्याच्या मागून किती तरी वर्षांनी झाला. म्हणून पहिल्या चित्रातले नारिंगी कपाळ तिला खटकले नव्हते.

रंगाच्या या भानगडीवरून मला ट्रिनिटी कॉलेजची फेरी आठवते. डब्लिनच्या मध्यावर असलेल्या या जुन्या महाविद्यालयात सगळे प्रवासी जातात ते 'बुक ऑफ केल्स' पाहायला. सुमारे इ. स. ८०० मध्ये मठातल्या साधूंनी लिहून रंगवलेली ती पोथी आहे. तिच्या सर्वांत नक्षीदार पानावर, धर्मग्रंथाच्या भव्य अक्षरांच्या पायथ्याशी, चक्क मांजरे आणि उंदीर काढले आहेत. ते पान रोज उघडे नसते, मी ते छापील प्रतीत पाहिले. बाराशे वर्षांपूर्वी कोणा साधूला आपल्या कोठीतली मांजरे रंगवावीशी वाटली, याचे मला फार अप्रूप वाटले.

पण मला सांगायचे आहे ते याच महाविद्यालयातल्या जॉन जॉली या शास्त्रज्ञाविषयी. हे गृहस्थ १८५७ साली जन्मले, १८९७ पासून तेथे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९३३ साली वारले. १८९४ मध्ये त्यांनी रंगीत छायाचित्राची एक युक्ती काढली. काचेवर तांबडी, हिरवी आणि निळसर जांभळी अशा बारीक रेघा एकाआड एक ओढायच्या, एका इंचात २०० च्या आसपास. ही काच लावून साधा काळा-पांढरा फोटो घ्यायचा. मग त्या फोटोची काचेवरची प्रत तशाच रेघांच्या दुसऱ्या काचेशी नेमकी जुळवून उजेडात धरायची की रंग दिसू लागतात. तोवर रंगीत फोटोसाठी तीन वेगवेगळे फोटो घ्यावे लागत. जॉलींनी ते एकात आणले. धंदा म्हणून ही पद्धत टिकली नाही, १९०७ साली फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंची त्याहून सोपी पद्धत बाजारात आली. मात्र भाचीच्या काचेच्या पाटीवर भिंग धरून पाहिले तर आत तेच दिसते: तांबडे, हिरवे, निळे ठिपके, आणि त्यांतूनच जगातले सगळे रंग.

जॉलींची धडपड होती जसा आहे तसा रंग पकडण्याची. आयर्लंडमधला दुसरा एक जॉन नेमका उलट्या वाटेने गेला, आणि खरे सांगायचे तर लोकांनी डोक्यावर घेतले ते त्यालाच. जॉन हाइंड हा १९१६ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला छायाचित्रकार. मध्ये काही वर्षे त्याने सर्कशीत काम केले, मग आयर्लंडमध्ये स्थायिक होऊन १९५६ साली पोस्टकार्डांचा कारखाना काढला. त्याची कार्डे तुम्ही कदाचित पाहिलीही असतील. आकाश इतके निळे की डोळे दिपावेत, गवत पाचूसारखे, कोणाचे तरी स्वेटर लालभडक. सर्वांत गाजलेले कार्ड कॉनेमारा भागातले आहे: लाल केसांची दोन मुले आणि दलदलीतून काढलेल्या सरपणाच्या मातीच्या विटा पाठीवर घेतलेले एक गाढव. डब्लिनच्या एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात मला ते मिळाले. ते आता माझ्या पाकिटात असते.

हाइंडची रीत ऐकण्यासारखी आहे. मोठा कॅमेरा घेऊन तो उन्हाची वाट पाहत तासन्‌तास बसे. पुढे काही कुरूप आले, खांब किंवा उकिरडा, तर ऱ्होडोडेंड्रॉनची फुललेली फांदी कापून आणून कॅमेऱ्यासमोर धरली जाई. त्यासाठी गाडीत करवतच ठेवलेली असे. आणि मग फोटो छपाईच्या तयारीसाठी इटलीतल्या मिलान शहरी जात, बरोबर सूचना असत: हे आकाश आणखी निळे करा, या गाडीला लाल रंग द्या. आज भाची लेखणीने एका क्षणात करते ते मिलानचे कारागीर हाताने करीत. काम इतके वाढले की १९६० च्या दशकात त्याने बाहेरचे छायाचित्रकार नेमले आणि १९७२ साली कंपनी विकून तो स्वतः निसर्गचित्रे रंगवू लागला. विद्वानांनी या कार्डांना बरीच वर्षे नाके मुरडली. पण १९९३ साली डब्लिनच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात, म्हणजे किल्मेनहॅमच्या त्या जुन्या सैनिकांच्या आश्रमाच्या इमारतीत, त्याचे मोठे प्रदर्शन भरले. १९९७ साली तो वारला.

त्याला खोटा म्हणावे का? मला म्हणवत नाही. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसे कामाच्या शोधात आयर्लंड सोडून गेली. परदेशात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरून आलेल्या कार्डावर पावसाळी करडे आकाश कशाला हवे? त्याला हवा तो निळा. आपल्या आजी-पणज्यांनी न पाहिलेल्या कोकणाबद्दल आपण ज्या रंगात बोलतो तो तरी कोणता? पण एक शंका राहतेच. कार्डावरच्या त्या गाढवाला धनी असेल. त्या गाढवाच्या अंगावरचा एखादा ओरखडा, एखादा पांढरा पट्टा त्यालाच ठाऊक असेल. त्याला कोणी कार्ड दाखवून विचारले असेल का, की बाबा रे, हे तुझेच गाढव ना?

आयर्लंडमध्ये एकदा मात्र असे विचारले गेले होते, तेही सरकारी पातळीवर. देश स्वतंत्र झाल्यावर नवी नाणी पाडायची होती. १९२६ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते कवी डब्ल्यू. बी. येट्स. ठरले की नाण्यांवर राजेराण्या नकोत, जनावरे हवीत. पर्सी मेटकाफ या इंग्रज शिल्पकाराचे नमुने निवडले गेले आणि १९२८ साली नाणी निघाली: पेनीवर कोंबडी आणि पिल्ले, अर्ध्या पेनीवर डुकरीण आणि तिची पिले, सहा पेन्सवर आयरिश वुल्फहाउंड कुत्रा, अर्ध्या क्राउनवर घोडा. पण नमुने आधी शेतीखात्याच्या जाणकारांना दाखवले गेले, आणि त्यांनी बैल व डुकरीण यांत खोट काढली. आमच्या देशातले चांगले जनावर असे नसते! शिल्पकाराला दोन्ही बदलावी लागली. नवा बैलही सुंदर आहे हे येट्सनी मान्य केले, डुकरिणीबद्दल मात्र त्यांना हळहळ वाटत राहिली. कवी आणि शेतकरी यांच्या या भांडणात माझे मत कोणाकडे, हे आता तुम्ही ओळखलेच असेल. आमच्या घरचे शेतीखाते पंच्याऐंशी वर्षांचे आहे आणि चष्मा लावते.

तेव्हा आम्ही या खात्याला फोन लावला. डब्लिनमध्ये दुपारचे चार, मॉरिशसमध्ये संध्याकाळचे सात. चुलतभावाने आईसमोर फोन उभा करून ठेवला.

"आजी, मोतीचा रंग कसा होता?"

"पाचटासारखा."

भाची माझ्याकडे बघू लागली. ती कात्र बोर्नमध्ये फ्लॅटमध्ये वाढलेली, पाचट तिला कुठून माहीत असणार? मी क्रेओलमध्ये सांगितले, ऊस तोडल्यावर शेतात पडतो तो वाळला पाला. तिने पाटीवर एक पिवळट रंग घेतला. "इतका पिवळा नाही ग. पाऊस पडून गेल्यावर, दुसऱ्या दिवशीचा." तिने थोडा करडा मिसळला. "आता थोडा कमी कर. हां. तोच." असे एकेक करून छातीवरचा पांढरा डाग, शेपटीचे काळपट टोक, नाकावरचा गुलाबी ठिपका. फोटोत यातले अर्धे दिसतही नाही. आईला सगळे पाठ होते. मी शिक्षिका आहे, आठवणीची परीक्षा घेणे हा माझा धंदा. पण अशी उत्तरपत्रिका मी पाहिली नाही.

भाचीने भीत भीत विचारले, "आजी, सावलीत मी जांभळं घातलंय. ते काढू?"

"कशाला? संध्याकाळी तो पायरीवर बसला की तसाच दिसायचा."

त्यामुळे जांभळे राहिले. मागची निळीहिरवी उधळणही राहिली, कारण मागे ऊस होता आणि उसाला कोणताही हिरवा चालतो असे आईचे म्हणणे पडले. चित्र पहिल्याइतकेच रंगीत झाले, किंबहुना काकणभर जास्तच.

कान सोपा होता. हात अवघड गेला. माणसाचा हात रंगवणे हे कुत्र्याच्या केसांपेक्षा कठीण, असे भाची म्हणाली आणि मी ते डोळ्यांनी पाहिले. चार संध्याकाळी तिने तो थर पुसला. बोटांची पेरे, कोयता धरून धरून जाड झालेली कातडी, घड्याळाचा पट्टा. फोटोत घड्याळाची तबकडी म्हणजे नुसता पांढरा ठिपका आहे. यंत्राला सांगितले असते तर त्याने तिथे काटे आणि आकडे छान भरून दिले असते. भाचीने तो ठिपका पांढराच ठेवला.

हे काम कोणाला आपल्या घरी करायचे असेल तर एक गोष्ट आग्रहाने सांगते, चित्राच्याही आधीची. फोटो वाचवा. फोनने टिपलेल्या प्रतीवर उजेडाची चकाकी येते, कडा वाकतात. मोतीचा फाटका कान पहिल्या वेळी हरवला त्याला हेही कारण होते. फोटो अल्बममधून हलक्या हाताने सोडवून सपाट स्कॅनरवर, इंचाला ६०० ठिपके ठेवून उतरवून घ्यावा, आणि प्रत दोन ठिकाणी ठेवावी. मागे काही लिहिले असेल तर ती बाजूही. डब्लिनमध्ये विल्यम लॉरेन्स यांचा मोठा फोटो स्टुडिओ होता, फोटो हाताने रंगवूनही तेथे मिळत. १९१६ च्या ईस्टरच्या उठावात तो लुटला गेला, जळाला. गावोगावच्या देखाव्यांच्या काचा दुसरीकडे ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या आणि आज सुमारे चाळीस हजार काचांचा तो संग्रह आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पण माणसांच्या फोटोंच्या काचा स्टुडिओतच होत्या, त्या गेल्या. डोंगर, पूल, देवळे सगळे शिल्लक, आणि माणसे व त्यांच्या मांडीवरची कुत्री-मांजरे तेवढी नाहीत. भाचीने ही हकीकत ऐकली आणि माझ्याकडून कबूल करून घेतले की परत गेल्यावर सबंध अल्बम उतरवून घ्यायचा. ऑगस्टमध्ये आम्ही तो उतरवला. एकशे बारा फोटो निघाले, आणि त्यांतल्या तिघांची नावे आता आईलाही आठवत नाहीत.

चित्र मी बरोबरच घेऊन आले, विमानात मांडीवर ठेवून. आईने पुन्हा चष्मा पुसला, पुन्हा खिडकीशी गेली. या वेळी काही बोलली नाही. कानावर बोट ठेवले, मग हातावर ठेवले, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "घड्याळ त्या दिवशी बंदच होतं." आता ते चित्र तिच्या खाटेसमोर आहे.

पहिले चित्रही आम्ही टाकून दिलेले नाही. ते मी शाळेत नेले आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावले आहे. दोन्ही कान शाबूत असलेला, नारिंगी कपाळाचा, कोणाचाच नसलेला तो देखणा कुत्रा मुलांना फार आवडतो. त्यांनी त्याचे नाव 'आयर्लंड' ठेवले आहे.